डिशवॉशरमधलं पाणी बाहेर जाईना : विश्रामबागेतल्या एका किचनची पूर्ण केस

आधी मशीनची माहिती देते म्हणजे पुढचं डोक्यात बसेल. १३ प्लेस सेटिंगचं (म्हणजे एका वेळी तेरा माणसांची ताटं-वाट्या मावतील असं) साधं, पुढून दार उघडणारं डिशवॉशर, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घेतलेलं, तेव्हा भांड्याच्या मावशी यायच्या बंद झाल्या आणि महिनाभर सिंकसमोर उभं राहून नवऱ्याचं मतपरिवर्तन झालं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण शेवटी दोष मशीनचा निघालाच नाही. घर सांगलीत, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही चौघं, मी, नवरा, मुलगी आणि सासूबाई. रोज रात्री एक फेरी होते, त्यात ताटं, वाट्या, कुकरचे डबे, कढई आणि भाकरीची परात. परात लक्षात ठेवा, ती पुढं येणारे.

तर गौरी जेवणाचा दिवस. सकाळपासून पुरण, कटाची आमटी, भाज्या, बेदाणे घातलेली खीर, वरून प्रत्येक पोळीवर सासूबाईंच्या हातचं तूप, त्यांच्या हाताला मोजमाप माहीत नाही. दुपारी पंधरा-सोळा माणसं जेवून गेली, मी पहिली फेरी लावली आणि जरा पाठ टेकली. वीस मिनिटांत मशीन टी-टी-टी करायला लागलं. डिस्प्लेवर पाणी बाहेर जात नसल्याचा कोड. हे कोड प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, कुठं ई-२४ येतं, कुठं ओई, कुठं ५सी, पण दुखणं एकच. दार उघडलं तर तळाला आमटीच्या रंगाचं पाणी, वर तवंग, खालच्या ट्रेची चाकं बुडालेली.

पहिली गोष्ट म्हणजे बंद-चालू करून बघितलं. सगळेच करतात. काही झालं नाही.

मग १६ अँपियरचा प्लग काढला. हे आधी करा, बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा, कारण पुढं हात पाण्यात जाणार असतो. नळाखालचा इनलेटचा कॉक बंद केला. भांडी बाहेर काढून हातानं घासायला घेतली (सणाचा दिवस, जावा मदतीला होत्या म्हणून निभावलं) आणि मगानं पाणी उपसलं, शेवटचं स्पंजनं टिपलं. चार लिटरच्या आसपास निघालं. एक सांगते, फिल्टरच्या खाली खड्ड्यात थोडं स्वच्छ पाणी नेहमीच राहतं, ते राहायचंच असतं, सील कोरडे पडू नयेत म्हणून. त्याला बघून घाबरून कंपनीला फोन करू नका. ट्रेच्या चाकापर्यंत पाणी आलं तर तो प्रॉब्लेम.

फिल्टर फिरवून काढला. आत कढीपत्ता, हरभऱ्याच्या डाळीची सालं, मोहरी, बेदाण्याचा एक देठ. घाण होती पण बंद पडावं इतकी नव्हती, मी दर रविवारी फिल्टर धुते. त्याच्या खाली खड्डा, त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचं एक छोटं झाकण, ते चमच्याच्या दांड्यानं उचकटलं की निघतं आणि मागं पाणी फेकणाऱ्या पंपाचा पंखा दिसतो. सगळ्या मशीनला असं वरून निघणारं झाकण नसतं, काहींना मशीन आडवं करून खालून जावं लागतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये चित्र असेल. टॉर्च लावून बघितलं तर पंख्याच्या पात्यात काहीतरी हिरवं चमकत होतं. हात घालणार तेवढ्यात सुचलं म्हणून पक्कड घेतली, बरं झालं, कारण निघाला तो हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा. नखाएवढा, दोन्ही टोकं धारदार. माझी का जावेची का सासूबाईंची, कोणीच कबूल झालं नाही.

आता मला सांगा, अशा वेळी तुम्ही काय समजाल? पंखा अडकला होता, तुकडा काढला, पंखा बोटानं फिरवून बघितला. तो गुळगुळीत फिरत नाही, टप्प्याटप्प्यानं अडखळत फिरतो, आत लोहचुंबक असतं म्हणून, ते नॉर्मल आहे. झाकण परत बसवलं, फिल्टर बसवला, आणि ७० डिग्रीचा जोरदार प्रोग्रॅम रिकामाच लावला. सुरळीत झाला. पाणी सगळं गेलं. मी बांगडीच्या तुकड्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "चोर सापडला", सगळ्यांनी टाळ्या दिल्या. त्या रात्री उरलेल्या भांड्यांची फेरी ७० वरच लावली, तीही झाली.

दुसऱ्या दिवशी गौरी गेल्या, रात्री रोजचा प्रोग्रॅम लावला, आणि वीस मिनिटांनी परत टी-टी-टी.

इथं मी जी चूक केली ती बरेच जण करतात असं मला वाटतं. एक कारण सापडलं आणि मशीन चाललं, म्हणजे तेच कारण होतं असं धरून बसले. बांगडीचा तुकडा खरा होता, तो काढायलाच पाहिजे होता, पण तो तिथं कधीपासून होता हे मला माहीत नव्हतं. पंख्यानं तो कडेला लोटून आपलं काम चालू ठेवलं असेल महिनाभर. आणि ७० डिग्रीला चालतंय, रोजच्या प्रोग्रॅमला अडतंय, हा फरक माझ्या डोळ्यासमोर होता, त्याच्याकडं मी बघितलंच नाही.

तोपर्यंत कंपनीत तक्रार टाकलेली होती, चौथ्या दिवशी टेक्निशियन आला. मुलगा चांगला होता, बूट बाहेर काढून आला, सासूबाईंनी दिलेला चहा पण घेतला. त्यानं फिल्टर बघितला, मशीन चालू करून ड्रेनवर टाकलं, कान लावला. पंपाचा घर्रर्र आवाज येतोय, पाणी हलत नाहीये. म्हणाला, "मॅडम, पंप वीक झालाय, प्रेशर देईना. नवीन टाकावा लागेल." पंप, टॅक्स, लेबर मिळून ४,८०० च्या वर आकडा, पार्ट कोल्हापूरहून येणार, आठवडा लागेल. व्हिजिटचे पैसे वेगळे, ते तिथंच घेतले. मी म्हणलं विचार करून सांगते. त्याच्यावर माझा राग नाही, पाच वर्षं जुनं मशीन, पंप आवाज करतोय पण पाणी जात नाही, दिवसाला दहा घरं फिरायची असतात, दहातल्या काही घरांत पंपच गेलेला असणार. पण त्यानं पाइपच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं नाही. मशीन त्याचं, सिंक प्लंबरचं, अशी वाटणी असते ना, त्यातला हा प्रकार.

हे सगळं बोलणं सासूबाई डायनिंग टेबलावर शेंगा निवडत ऐकत होत्या. त्यांचं माहेर हरिपूर, कृष्णा-वारणेच्या संगमावर, पाण्याचं त्यांना काही सांगायला लागत नाही. तो गेल्यावर म्हणाल्या, "तो म्हणतोय पंपात जोर नाही. पण पाणी पुढं जायला वाट आहे का ते बघितलंस का? कृष्णेला पूर आला की वारणेचं पाणी आमच्या हरिपुरात तसंच थांबतंय, मागं फुगतंय. त्यात वारणेची काय चूक?"

मी दोन मिनिटं गप्प बसले. सांगलीत राहून, २००५, २०१९, २०२१ तिन्ही पूर बघून, दर पावसाळ्यात खालच्या अंगाच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर भांडणारी माणसं आम्ही (तो वाद इथं नको), आणि घरातलं पाणी तुंबलं तर मी चार दिवस फक्त वरच्या अंगाला बघत बसले होते.

आता थोडं मशीनच्या आतलं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. डिशवॉशर एका वेळी तीन-चार लिटरच पाणी घेतं, तेच फिरवून फिरवून भांड्यांवर मारतं, मग ते फेकतं, परत नवीन घेतं. असं एका फेरीत तीन-चार वेळा. फेकणारा पंप वेगळा असतो, छोटासा, आणि तो काही विहिरीवरच्या मोटारीसारखा नसतो. तो पाणी नुसतं भिरकावतो, मीटरभर उंच चढवतो, पुढं वाट मोकळी असेल तर दणक्यात जातं, पण पुढं बूच असेल तर ते ढकलून उडवायची ताकद त्याच्यात नाही. तो तिथल्या तिथं पाणी घुसळत बसतो आणि घर्रर्र करतो. म्हणजे पंप अशक्त असला तरी तोच आवाज आणि पुढं वाट बंद असली तरी तोच आवाज. पाणी गेलं का नाही हे मशीनला कळतं ते आतल्या प्रेशर सेन्सरवरून, तो पातळी बघतो, आपण पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं बघतो तसं. आपल्याकडं ४० फूट इशारा, ४५ धोका, तसं मशीनचं पण ठरलेलं असतं, की इतक्या मिनिटांत पातळी या खुणेखाली आली पाहिजे. नाही आली की परत प्रयत्न, परत नाही आली की कोड. कोड फक्त एवढंच सांगतो की पातळी उतरली नाही. का उतरली नाही हे आयर्विन पण सांगत नाही.

म्हणून आता परीक्षा घ्यायची ती पाइपची. आमचा भाचा इथंच वालचंद कॉलेजला मेकॅनिकलला आहे, शनिवारी जेवायला येतो, त्याला मदतीला घेतलं. सिंकखालचं कपाट रिकामं केलं (ते रिकामं करायलाच अर्धा तास, प्रत्येक बाईच्या सिंकखाली किती पिशव्या असतात ते तिलाच माहीत), खाली जुनी चादर अंथरली, आणि डिशवॉशरचा करडा वळकट्यांचा पाइप सिंकच्या ट्रॅपवरून (सिंकखालचा, थोडं पाणी धरून ठेवणारा भाग) क्लिप सैल करून काढला. काढताना टोक वर धरायचं, नाहीतर पाइपमधलं घाण पाणी कपाटात. टोक बादलीत सोडलं, मशीनमध्ये मोजून चार लिटर पाणी ओतलं आणि ड्रेन लावलं.

फस्सकन आलं पाणी. इतक्या जोरात की टोक बादलीतून उसळून भाच्याच्या शर्टावर. मी तर आनंदानं ओरडलेच, पंप चांगला आहे, ४,८०० वाचले. भाचा शर्ट पिळत म्हणाला, "मामी, थांब. बादली जमिनीवर आहे. पाइप एकदा भरला की पाणी आपोआप खाली ओढलं जातंय, सायफन. पंप मेलेला असला तरी थोडंफार आलंच असतं. बादली वर घे." शिकलेल्या पोराचा हा उपयोग. मग बादली स्टुलावर ठेवून टोक ट्रॅपला जिथं जोडलं होतं त्याच उंचीला धरलं, परत चार लिटर ओतलं, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. २२ सेकंद. दुसऱ्यांदा केलं, २३.

म्हणजे पंप ठणठणीत, पाइप मोकळा. मशीन सुटलं. आता जे काही होतं ते पाइपच्या टोकापासून पुढच्या चार बोटांत होतं.

आणि इथं मला आषाढातली गोष्ट आठवली. गौरीच्या दीड-दोन महिने आधी आम्ही सिंक बदललं होतं, जुनं खालून गळायला लागलं म्हणून नवीन दोन भांड्यांचं घेतलं. जुन्या व्यवस्थेत डिशवॉशरचा पाइप मागच्या गॅलरीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला होता, तो फरशीवर दिसायचा, पायात यायचा, म्हणून मीच प्लंबरमामांना म्हणलं की सिंकच्या ट्रॅपलाच जोडता येत असेल तर जोडा. नवीन बॉटल ट्रॅपला त्याच्यासाठी बाजूला एक तोंड असतंच, वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशर जोडायला. त्यांनी जोडलं. काम छान दिसत होतं. आणि त्या दिवसापासून काय काय झालं होतं ते एकेक करून आठवायला लागलं, कारण लक्षणं होती, मीच वाचली नाहीत. काचेच्या ग्लासांना तळाला बारीक रवाळ कण लागायला लागले होते, मी मशीनच्या साबणाच्या टॅबलेटला दोष दिला आणि ब्रँड बदलला. मग पाण्याला दोष दिला, आमच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी मिसळून येतं, जड आहे, मशीनमध्ये पाणी मऊ करायला घालतात ते मीठ वाढवलं. पाणी बाहेर टाकतानाचा आवाज आधी अर्ध्या मिनिटात थांबायचा तो लांबला होता, मुलगी म्हणाली पण होती की मशीन आजकाल लई वेळ गुरगुरतंय. घाण पाणी पूर्ण जात नव्हतं, थोडं मागं राहून पुढच्या स्वच्छ पाण्यात मिसळत होतं, तेच कण ग्लासाला. सगळं एकाच दिवसापासून सुरू झालेलं, आणि मी प्रत्येकाला वेगळं कारण लावून मोकळी.

प्लंबरमामांना फोन केला, रविवारी सकाळी आले. त्यांना मी काही बोलले नाही, फक्त म्हणलं ते बाजूचं तोंड जरा खोलून दाखवा. त्यांनी आट्याची रिंग फिरवून ते तोंड ट्रॅपपासून वेगळं केलं आणि माझ्या हातात दिलं.

हे मी नीट सांगते कारण सगळी केस या वस्तूत आहे. पांढऱ्या प्लास्टिकची, अंगठ्याएवढी निमुळती नळी, बाहेरच्या अंगाला पायऱ्यांसारखे कडे, ज्याच्यावर पाइप घट्ट बसतो. फॅक्टरीतून येताना ही नळी पुढून बंद असते, म्हणजे टोकाला प्लास्टिकचाच पडदा असतो, ज्यांच्याकडं मशीन नाही त्यांच्या सिंकमधून पाणी गळू नये म्हणून. मशीन जोडायचं असेल तर तो पडदा किंवा ते टोकच कापून टाकायचं असतं. माझ्या हातातल्या नळीचा पडदा जागच्या जागी होता आणि त्याच्या मधोमध ड्रिलनं पाडलेलं एक भोक. आणि त्या भोकावर आतून, बुचासारखा, एक पिवळट गोळा. बोटानं दाबला तर बाहेरून मेणासारखा आणि आतून पिठासारखा. सासूबाईंनी चष्मा लावून बघितला, वास घेतला आणि लगेच सांगितलं, "ज्वारीचं पीठ आणि तूप. तुझी परात."

परातीला भाकरीचं पीठ सुकून चिकटतं, मी ते खरवडून टाकायचे नाही, तशीच मशीनमध्ये लावायचे, मशीन धुतंच की. पीठ भिजून लगदा झाला, तूप थंड झाल्यावर गोठलं, दोघं मिळून त्या भोकाच्या कडेला थर धरत गेले. आणि आता ७० डिग्रीचं कोडं पण सुटलं. रोजच्या प्रोग्रॅममध्ये माझं मशीन पहिलं पाणी गार घेतं, नुसतं विसळायला, आणि तेच पहिल्यांदा बाहेर टाकतं. गोठलेल्या तुपाच्या बुचावर गार पाणी, वीस मिनिटांत कोड. जोरदार प्रोग्रॅममध्ये पहिलं पाणीच तापवून घेतं, तूप पातळ होतं, भोक तात्पुरतं मोकळं होतं, पाणी जातं, आणि मी ग्रुपवर चोर सापडल्याचे फोटो टाकते.

प्लंबरमामांना दाखवलं तर ते नाराज झाले, ओशाळले नाहीत, नाराज. "भोक पाडलंय की वो वहिनी. पाण्याला काय लागतंय, मुंगीएवढी वाट असली तरी जातंय."

त्यावर भाच्यानं त्यांच्यासमोरच हिशोब केला, तो मला आवडला म्हणून देते. ड्रिलचं भोक ६ मिलिमीटर. पाइप आतून १८ मिलिमीटर. मामांना वाटलं तीनपट फरक. पण पाणी व्यासातून जात नाही, तोंडाच्या क्षेत्रफळातून जातं, तीन त्रिक नऊ, म्हणजे वाट नऊपट लहान झाली. तरी पंप दाब देत होता म्हणून चार लिटर पाणी सव्वा-दीड मिनिटात जात असणार, मशीनच्या ठरलेल्या वेळेत कसंबसं बसत असणार, म्हणून दीड महिना चाललं. मग पिठाचा थर धरून भोक तीनवर आलं की परत चौथा हिस्सा झाला, पाच-सहा मिनिटं लागायला लागली, मशीनला तेवढा धीर नाही. मामांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, पिशवीतून हेक्साचं ब्लेड काढलं आणि टोक कापून टाकलं. कापल्यावर कडेला राहिलेली प्लास्टिकची कुसळं मी त्यांना सुरीनं साफ करायला लावली, नाहीतर तिथंच परत पीठ अडकायला जागा. वॉशर नवीन टाकला, क्लिप आवळली.

अजून एक गोष्ट त्याच दिवशी करून घेतली. पाइप मशीनपासून थेट खालून ट्रॅपला येत होता, मध्ये जमिनीवर लोळत. तो वर उचलून ग्रॅनाइटच्या तळाला टेकेल असा वळसा देऊन क्लिपनं बांधला आणि मग खाली ट्रॅपला आणला. कारण सिंक तुंबलं तर सिंकचं घाण पाणी त्या पाइपमधून उलटं मशीनमध्ये येऊ शकतं, वळसा वर असला की ते चढत नाही. सांगलीत २०१९ ला ज्यांच्याकडं पाणी आधी रस्त्यावरून न येता गटारातून वर आलं त्यांना हे समजवावं लागणार नाही. काही पाइपना एकेरी व्हॉल्व्ह पण असतो, पाणी एकाच दिशेला जाऊ देणारी रबरी झडप, पण ती झडप घाणीनं उघडी राहू शकते, वळसा काही उघडा राहत नाही.

सगळं जोडून रोजचा प्रोग्रॅम लावला आणि आम्ही चौघं मशीनसमोर उभे, लग्नात मंगलाष्टकाला उभं राहतात तसे. पहिलं पाणी सुटलं, भाच्यानं वेळ लावली. २४ सेकंद. सिंकमधून पाण्याचा खळखळाट ऐकू आला, दीड महिन्यात तो आवाज आला नव्हता, हे पण तेव्हाच लक्षात आलं.

खर्च सांगते. प्लंबरमामांनी पैसे घेतले नाहीत, वॉशरचे वीस रुपये तेवढे घेतले. टेक्निशियनच्या व्हिजिटचे गेले ते गेले. टॅबलेटचा नवीन ब्रँड महाग होता, तो संपवतेय.

कुणाचं असंच अडलं असेल तर माझ्या मते आधी स्वतःला एकच विचारा, की हे सुरू व्हायच्या आधी घरात काय बदललं. सिंक, ट्रॅप, कपाट, पाइप, मशीन सरकवून मागची भिंत पुसली का (मागं पाइप दुमडला की नेमकं हेच होतं), शिफ्टिंग झालं का. काही बदललं असेल तर फिल्टर धुवून झाल्यावर थेट बादली घ्या, आणि बादली वर धरा. पाणी जोरात आलं तर मशीनला हात लावू नका, पुढं बघा. पाणी आलं नाही तर मागं या, पंख्यात काच, चिंचोका, बरणीच्या लेबलचा कागद, टूथपिक असं काहीतरी असतं. पंख्यात काही नाही, पाइप पण सरळ आहे आणि पंपाचा आवाजच नाही, किंवा गूं करतोय आणि पंखा हलत नाही, तेव्हा पंपाचं बोलायचं. आणि प्रोग्रॅम चालू नसताना सुद्धा पंप आपलं आपण सारखाच चालू राहत असेल तर ती वेगळी भानगड, बऱ्याच मशीनच्या बुडाला एक तसराळं असतं, त्यात गळून पाणी साठलं की थर्माकोलचा तुकडा तरंगून स्विच दाबतो आणि मशीन घाबरून पंप चालू ठेवतं, तिथं गळती शोधायची. नाल्या मोकळ्या करायची जहाल पावडर किंवा अॅसिड मशीनमध्ये ओतायचं नाही, रबर खातं ते, आणि नंतर उघडणाऱ्याच्या हातावर येतं. भांड्याचं हातानं घासायचं लिक्विड पण नाही, फेस झाला की पंप फेसच उपसत बसतो.

परातीचं म्हणाल तर ती मी आता लावायच्या आधी उलथन्यानं खरवडून, पीठ ओल्या कचऱ्यात टाकून मग लावते. सासूबाईंना ते पण मान्य नाही, त्यांची परात त्या स्वतःच घासतात, म्हणतात मशीनचा भरवसा नाही.

ते कापलेलं टोक, भोक असलेलं, रुपयाहून लहान, खिडकीत ठेवलंय. परवा कंपनीचा मेसेज आला, तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे, कृपया रेटिंग द्या. नवऱ्यानं विचारलं काय देऊ. सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांना म्हणावं आधी हरिपूरला येऊन बघा."